हस्तसंकेत ओळखणारे रडार आणि नमुनावर्धनाच्या मर्यादा : एक समीक्षा

प्रास्ताविक

भरताच्या नाट्यशास्त्रात एका हाताचे 24 आणि दोन्ही हातांचे मिळून 13 हस्त सांगितले आहेत. हाताची भाषा आपल्या परंपरेला नवी नाही. यंत्राला मात्र ती अलीकडे शिकविली जात आहे. या कामी कॅमेऱ्याऐवजी लहान रडार वापरण्याकडे संशोधकांचा ओढा आहे. रडार अंधारातही काम करते आणि माणसाच्या चेहऱ्याचे छायाचित्र घेत नाही, हे त्याचे दोन मोठे गुण होत. परंतु मशीन लर्निंगच्या पद्धतीने यंत्राला शिकवावयाचे तर नमुने मोठ्या संख्येने लागतात आणि ते गोळा करणे खर्चाचे व वेळखाऊ असते. म्हणून हाती असलेल्या नमुन्यांतच फेरफार करून नवे नमुने तयार केले जातात. यास 'डेटा ऑग्मेंटेशन' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'नमुनावर्धन' हा शब्द योजला आहे.

नमुनावर्धन त्याज्य आहे, असे लेखकाचे म्हणणे नाही. ते नोंदलेल्या हातांच्या हालचालीत विविधता आणू शकते, न नोंदलेला हात मात्र निर्माण करू शकत नाही, एवढेच येथे मांडावयाचे आहे. पदार्थविज्ञानाचे नियम डावलून केलेले नमुनावर्धन तर हाती असलेले ज्ञानही बिघडविते.

रडारचा नमुना हे चित्र नव्हे

60 गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरीची लांबी 5 मिलिमीटर असते. अशी लहर हातावर आदळून परत येते तेव्हा तिच्या विलंबावरून हाताचे अंतर आणि वारंवारतेतील बदलावरून हाताचा वेग कळतो. हा दुसरा बदल म्हणजे डॉप्लर परिणाम होय. हात सेकंदाला 1 मीटर वेगाने रडारकडे आला, तर या वारंवारतेला तो बदल 400 हर्ट्झ इतका असतो. अंतर आणि वेग यांची ही नोंद रंगांत मांडली की ती चित्रासारखी दिसते. येथेच घोटाळ्याला सुरुवात होते.

छायाचित्रांच्या बाबतीत चित्र उलटे करणे, फिरविणे, ताणणे हे नमुनावर्धनाचे रूढ मार्ग आहेत. मांजराचे छायाचित्र डावी-उजवी बाजू बदलून पाहिले तरी ते मांजरच राहते. रडारच्या नोंदीचे तसे नाही. हात पुढे ढकलण्याच्या नोंदीत अंतर कमी होत जाते आणि वेगाची दिशा 'जवळ येणे' अशी असते. या नोंदीचा केवळ वेगाचा अक्ष उलटा केला, तर अंतर घटत असूनही हात दूर जात आहे, अशी नोंद तयार होते. असा हात सृष्टीत असू शकत नाही. वेगाबरोबर काळही उलटा केला, तर नोंद शक्य कोटीतील होते. पण ती आता 'ढकलणे' राहत नाही, 'ओढणे' होते. तिच्यावरचे नाव तेच ठेवले, तर यंत्र चुकीचा धडा गिरविते.

हीच गोष्ट गतीची. एखादी हालचाल निम्म्या वेळात केली, तर वेग दुप्पट होतो आणि 400 हर्ट्झचा बदल 800 हर्ट्झ होतो. केवळ काळाचा अक्ष आखडून घेणारे नमुनावर्धन हा संबंध तोडते. अंतराचेही तसेच आहे. हात दुप्पट दूर नेला की परत येणारी शक्ती सोळाव्या हिश्श्यावर येते. ही घट न करता नोंद नुसती सरकविली, तर दूरचा हात अकारण बलवान दिसतो.

2019 साली मांडली गेलेली 'स्पेकऑग्मेंट' ही पद्धत मूळची आवाज ओळखण्यासाठीची आहे. अशा उसन्या पद्धती रडारला लावताना त्यांचा पदार्थविज्ञानाशी मेळ तपासणे आवश्यक ठरते.

'सोली'चा धडा

या क्षेत्रातील सर्वांत परिचित प्रयोग म्हणजे गूगलचा 'सोली'. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात 10 व्यक्तींच्या 11 हस्तसंकेतांवर सुमारे 87 टक्के अचूकता नोंदविली गेली. पुढे ऑक्टोबर 2019 मध्ये हे रडार पिक्सेल 4 या मोबाइलमध्ये आले. त्यासाठी कंपनीच्या हजारो स्वयंसेवकांकडून लक्षावधी हस्तसंकेत नोंदविले गेले आणि उपकरणाजवळ होणाऱ्या सामान्य हालचालींच्या शेकडो तासांच्या नोंदी त्यांत मिसळल्या गेल्या, असे कंपनीने 2020 साली जाहीर केले. प्रयोगशाळेतून बाजारात येताना मुबलक साधने असलेल्या कंपनीलाही खऱ्या माणसांच्या आणि खऱ्या परिसराच्या नोंदींवाचून पुढे जाता आले नाही, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तथापि कंपनीचे स्वयंसेवक हे समाजाचे प्रतिरूप मानता येत नाहीत. शिवाय 60 गिगाहर्ट्झचा पट्टा त्या वेळी भारतात परवान्यावाचून वापरण्यास खुला नसल्याने पिक्सेल 4 येथे विक्रीस आलाच नाही. अर्थात येथील घराघरांतून जी कसोटी लागली असती, ती त्या यंत्राला लागली नाही.

संख्येचा आभास

महाविद्यालयीन प्रकल्पांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. समजा, 5 विद्यार्थ्यांनी 6 हस्तसंकेत प्रत्येकी 20 वेळा केले. खरे नमुने झाले 600. प्रत्येकापासून 9 नवे बनविले की एकूण संख्या 6,000 होते. माणसे मात्र पाचच राहतात. त्यातही आधी नमुनावर्धन करून मग शिकविण्याचे आणि तपासण्याचे गट पाडले, तर एकाच मूळ नोंदीच्या प्रती दोन्ही गटांत जातात. उत्तरपत्रिकेत येणारे प्रश्न आधीच सोडवून घेण्यासारखेच हे झाले. त्यातून मिळणारी उच्च अचूकता यंत्राच्या समजुतीची नसून स्मरणाची असते.

सावर्डे गावी चित्र व शिल्पकलेचे महाविद्यालय आहे. हाताच्या एकाच प्लास्टरच्या प्रतिकृतीवरून शंभर कोनांतून शंभर रेखाटने केली, तर हात सफाईदार होतो, यात शंका नाही. पण म्हाताऱ्या माणसाची फुगलेली पेरे त्यातून कळत नाहीत. त्यासाठी जिवंत माणूस समोर बसवावा लागतो. नमुनावर्धनाचेही असेच आहे. चिरेखाणीत राबून ताठरलेली बोटे, संधिवाताने मंदावलेले मनगट, धातूच्या बांगड्यांनी भरलेला हात, एखादे बोट गमावलेला पंजा आणि डोक्यावर फिरणारा पंखा या सर्वांची परावर्तने निराळी असतात. वसतिगृहातील पाच तरुण हातांच्या कितीही प्रती काढल्या, तरी हे हात त्यांत उतरत नाहीत. स्पर्शावाचून चालणाऱ्या उपकरणांची खरी गरज ज्यांना आहे, तेच अशा वेळी यंत्राला अनोळखी ठरतात.

समारोप

वरील विवेचनावरून काही अपेक्षा मांडता येतात. शिकविण्याचे व तपासण्याचे गट व्यक्तिनिहाय आणि नमुनावर्धनापूर्वी पाडावेत. तपासणीच्या गटात केवळ खऱ्या नोंदी असाव्यात. अंतर, वेग आणि काळ यांचा परस्परसंबंध राखणारेच फेरफार करावेत. निबंधात वाढविलेल्या संख्येबरोबर मूळ नमुन्यांची व व्यक्तींची संख्या द्यावी आणि नमुनावर्धनासह व त्याविना मिळालेली अचूकता शेजारी शेजारी मांडावी. परीक्षकांनीही या बाबींचा आग्रह धरावा.

मर्यादित साधनांच्या ग्रामीण महाविद्यालयाला लक्षावधी नोंदी शक्य नाहीत, हे खरे. परंतु निरनिराळ्या वयाचे व व्यवसायांचे पंचवीस-तीस हात त्याच्या दाराशीच असतात. त्यांची संमती घेऊन केलेल्या थोड्या नोंदींतून मिळणारी अचूकता कदाचित कमी भरेल. पण ती विश्वासार्ह असेल, आणि संशोधनाला आधी तिचीच गरज आहे.