संयोग कुठे आहे? विद्युत रेसकारच्या कंट्रोलरविषयी

मंडळी, मागच्या वेळी आपण 'वस्तूचा गुण' या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज उदाहरण घेऊ विद्युत रेसकारच्या मोटर कंट्रोलरचं. तत्त्वज्ञानवाल्यांनी इथे नाक कशाला खुपसायचं, असं कुणाच्या मनात आलं तर ते रास्तच आहे. पण इथल्या विद्यार्थ्यांचे काही डिझाइन-अहवाल आम्ही वाचले, आणि त्यातली चूक आमच्याच विषयातली निघाली.

कंट्रोलर म्हणजे बॅटरीची डीसी वीज मोटरला हवी तशी एसी करून देणारी पेटी. फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या स्पर्धेत बॅटरीतून ८० किलोवॉटपेक्षा जास्त शक्ती घेता येत नाही. कार्यक्षमता ९६ टक्के धरली, तरी पूर्ण जोरात ३.२ किलोवॉट उष्णता त्या पेटीत होते. घरातल्या इन्स्टंट गिझरएवढी. २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्समध्ये सरासरी बरीच कमी पडते, आणि पोरांनी तेही मोजलं आहे. गणितात ती आमच्यापेक्षा हुशार आहेत.

चूक मांडणीत आहे. माउंटिंग एका प्रकरणात, कूलिंग दुसऱ्या. पहिल्यात बोल्ट, ब्रॅकेट, रबरी बुश. दुसऱ्यात पंप, पाइप, रेडिएटर. परिणाम असा, की एका अहवालात धक्के शोषणारं रबर नेमकं पेटीचा तळ आणि कोल्ड प्लेट यांच्या मधे आलं! रबर बसवायचं तर प्लेटसकट पेटीच्या खाली.

वैशेषिकांनी संयोगाला 'अव्याप्यवृत्ती' म्हटलं. झाडावर माकड बसलं, तर संयोग फांदीपाशी आहे, बुंध्यापाशी नाही. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही सपाट दिसोत, ते उंचवट्यांवरच टेकतात. मधल्या फटींत हवा, आणि ती अ‍ॅल्युमिनियमपेक्षा हजारो पटींनी कमी उष्णता वाहते. म्हणून थर्मल पेस्ट. तीही पातळ, जाड थर दिला तर तीच आड येते. म्हणून बोल्टही तिरप्या क्रमाने, सारख्या ताणाने आवळायचे. तो बोल्ट पेटी धरतो आणि थंडही करतो. त्याला कुठल्या प्रकरणात घालणार?

आता आकड्याकडे. 'अखंड इतके अँपिअर' हा पेटीचा गुण म्हणून छापतात. तो कुठल्या तापमानाला, हे तळटीपेत असतं. फॉर्म्युला भारत कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जानेवारीत भरत आली आहे. समजा, पाणी ६० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. हवा ३० अंश असेल तर फरक ३० चा; नागपूरच्या मे महिन्यात हवा ४५ वर, फरक १५ चा. तोच रेडिएटर, तोच पंखा, आणि उष्णता निम्मीच बाहेर जाणार. २३ मे २०१३ ला तर इथे ४७.९ अंश होतं. उन्हाळ्यात सराव करताना कंट्रोलर स्वतःला वाचवायला करंट कमी करतो आणि टीम म्हणते, कंट्रोलर खराब आहे. आकडा पेटीचा एकटीचा नव्हताच.

आणखी एक. हवा आत घ्यायला सगळ्यांनी सुरेख तोंडं काढली आहेत, बाहेर जायला वाट कुणी ठेवली नाही. अहो, खिडकीत कूलर लावला की समोरचं दार उघडं ठेवावं लागतं, हे नागपुरातलं लहान पोरही सांगेल!

पुढच्या आठवड्यात ही मुलं गाडी दाखवणार आहेत. आम्ही त्यांना एवढंच सांगितलं आहे, की पेटी एकदा आवळून पुन्हा उचला आणि तळावर पेस्टचा ठसा कुठे उमटला ते आम्हाला दाखवा.