कृपा, विश्वास आणि धीर : ख्रिस्ती मराठीतील तीन संज्ञा

परभाषेत घडलेला एखादा सिद्धान्त मराठीत आला की, त्यातील संज्ञांना कोशार्थाने जुळणारे प्रतिशब्द मिळाल्यावर अनुवादकाचे काम संपले असे मानले जाते. परंतु शब्द कधी एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याची क्रियापदे, त्याचे प्रत्यय आणि व्यवहारातील त्याचा पूर्वेतिहासही येतो. ख्रिस्ती शिकवणुकीचा गाभा असलेल्या तीन कल्पना, म्हणजे ईश्वराचे अकारण दान, त्या दानाला माणसाने दिलेला प्रतिसाद आणि विपत्तीतील टिकाव, या मराठीत 'कृपा', 'विश्वास' आणि 'धीर' या शब्दांनी व्यक्त होतात. या तिहींची प्रयोगाच्या अंगाने परीक्षा केली असता असे दिसते की, पहिला शब्द सर्वांत रुळलेला आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा आहे. तर तिसरा, जो वरकरणी अगदी साधा वाटतो, तोच सर्वांत समर्थ आहे.

नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'खारिस' हा होय. लावण्य, प्रसन्नता, उपकार आणि उपकाराबद्दलची कृतज्ञता हे सारे अर्थ त्यात एकवटले आहेत. इ. स. ५७ च्या सुमारास रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने त्याला निर्णायक वळण दिले. जो काम करतो त्याला मिळते ते वेतन. ते देणे लागतेच. खारिस मात्र कोणी कोणाचे देणे लागत नाही. याच भेदावरून पुढे ऑगस्टिन आणि पेलागियस यांचा वाद झाला व इ. स. ४१८ च्या कार्थेज येथील परिषदेने पेलागियसाचे मत त्याज्य ठरविले.

आता मराठी 'कृपा' पाहावी. 'कृपा करणे' आणि 'कृपा होणे' हे प्रयोग पौलाच्या आशयाला सर्वस्वी अनुकूल आहेत. त्यांत घेणाऱ्याकडे कर्तृत्व येत नाही. परंतु याच शब्दाला 'संपादन करणे' हेही क्रियापद लागते. माणूस कृपेस 'पात्र' ठरतो, पत्राच्या अखेरीस 'कृपाभिलाषी' म्हणून सही करतो. दरबार आणि कचेरी यांतून आलेल्या या प्रयोगांत कृपा ही वरिष्ठाची मर्जी होते, आणि मर्जी तर सेवेने मिळवावयाची असते. ख्रिस्ती प्रवचनात 'देवाची कृपा संपादन करावी' असे वाक्य आले, तर शब्द पौलाचा राहतो आणि सिद्धान्त पेलागियसाचा होतो.

याला पर्याय नाहीत असे नव्हे. 'प्रसाद' या शब्दात खारिसमधील प्रसन्नता आहे. ज्ञानेश्वरांच्या पसायदानात तो दानाच्या अर्थानेच आला आहे. तथापि आज तो देवळातील नैवेद्याशी बांधला गेला आहे. 'अनुग्रह' गुरुदीक्षेशी निगडित झाला आहे. यामुळे 'कृपा' हाच शब्द राहणे अपरिहार्य ठरते. थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द स्वीकारला आणि त्याचा नवा अर्थ ओवीबद्ध कथेच्या ओघावर सोपविला. कथनकाव्यात हे साधते. उपदेशपर गद्यात मात्र कथेचा हा आधार नसतो. तेथे क्रियापदाची निवड अधिक काटेकोर असावी लागते.

'पिस्तिस' या दुसऱ्या संज्ञेची गोष्ट निराळी आहे. लॅटिन 'क्रेदो' आणि संस्कृत 'श्रद्धा' हे एकाच मूळ घटनेचे शब्द आहेत. व्युत्पत्तीचा कौल घेतला असता तर मराठीने 'श्रद्धा' निवडावयास हवी होती. तिने 'विश्वास' निवडला, आणि ही निवड योग्यच होती. श्रद्धा मतावर असते, विधीवर असते. विश्वास मुख्यतः माणसावर असतो, तो 'टाकला' जातो आणि त्याचा घातही होऊ शकतो. हिब्रू 'एमुना' या शब्दातही दृढतेची, भरवशाची हीच कल्पना आहे. 'आमेन' त्याच धातूचा. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत यासाठी 'भावार्थ' हा शब्द आहे. त्यात भक्तीचा ओलावा अधिक असला, तरी भरवशाचा अर्थ क्षीण आहे. केवळ संमती म्हणजे विश्वास नव्हे, हे याकोबाच्या पत्रानेही बजावले आहे. तशी संमती भुतेही देतात, असे तेथे म्हटले आहे.

तिसऱ्या संज्ञेपाशी या दोहोंची कसोटी लागते. मराठी माणूस संकट टळल्यावर 'देवाच्या कृपेने' म्हणतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र पौल आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी करतो आणि काटा निघत नाही. कृपा पुरेशी आहे, एवढेच उत्तर त्याला मिळते. संकट राहते आणि कृपाही राहते. येथे 'भोग' हा शब्द वापरला की अर्थ बिघडतो, कारण भोगामागे पूर्वकर्म गृहीत असते. आणि योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारलेला 'पाप कोणाचे' हा प्रश्न येशूने अमान्य केला आहे. 'हुपोमोने' या ग्रीक शब्दाचा घटक अर्थ 'खाली टिकून राहणे' असा आहे. 'सहन करणे' यात केवळ निष्क्रियता उरते. 'धीर' तसा नाही. तो धरता येतो, सुटतो, खचतो. आणि मुख्य म्हणजे तो दुसऱ्याला देता येतो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात ईश्वराला हुपोमोनेचा ईश्वर म्हटले आहे. 'धीर देणारा देव' या मराठी शब्दांत कृपा आणि सहनशीलता यांचा सांधा जितका सहज जुळतो, तितका तो ग्रीकमध्येही उघड होत नाही.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात या तिन्ही संज्ञा एका ओळीत येतात. १८७० नंतरच्या दशकात दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. १८८० मध्ये भाऊ व १८८२ मध्ये पती निवर्तले. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण धर्म स्वीकारला परंतु ख्रिस्त आपल्याला लाभला नव्हता, असे त्यांनी पुढे १९०७ च्या आत्मनिवेदनात नोंदविले. श्रद्धा आणि विश्वास यांमधील अंतर याहून नेमके दाखविणे कठीण आहे. ते अंतर ओलांडल्यावरही संकटे थांबली नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार मुलींना त्यांनी आश्रय दिला, आणि १९२१ मध्ये त्यांची कन्या मनोरमा त्यांच्याआधी गेली. हिब्रू व ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाले.

ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचे मूल्यमापन बहुधा त्यातील संस्कृत शब्दांच्या प्रमाणावरून केले जाते. ती कसोटी अपुरी आहे. कृपेला कोणते क्रियापद जोडले, विश्वास कोणावर टाकला आणि धीर कोणी कोणाला दिला, हे पाहिल्यावाचून त्या लेखनातील धर्मविचार खरा की उसना, याचा निर्णय करता येणार नाही.