धैवत एकच का लिहायचा?

भूप आणि देसकार, दोन्ही रागांत सा रे ग प ध हेच पाच स्वर. तरीही देसकाराचा धैवत भूपापेक्षा चढा लावायचा, हे गुरू तालमीतच सांगतात. भातखंडे पद्धतीच्या पुस्तकात मात्र दोन्हीकडे एकच ‘ध’ दिसतो, पलुसकर पद्धतीतही तोच. बंदिशी जपण्याचे फार मोठे काम या दोन लिप्यांनी केले. श्रुतीच्या, म्हणजे स्वरांतल्या सूक्ष्म फरकांच्या बाबतीत मात्र आपली स्वरलेखनाची कला आहे तिथेच राहिली.

मराठवाड्याला हे जास्त लागले पाहिजे. शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला आणि 22 श्रुती पटवण्यासाठी त्याने 22 तारांच्या दोन वीणा मांडल्या. आज धाराशिव जिल्ह्यात भजनाला बसलात तर सूर मिळतो तो बारा समान पट्ट्यांच्या पेटीचा. तुळजापूरच्या गोंधळात तुणतुण्याच्या एका तारेवर गाणारा गळा त्या मानाने मोकळा असतो.

श्रुती लिहायला सप्तकाचे 22 सारखे भाग करणे हा उपाय सोपा वाटतो, पण टिकत नाही. सप्तक 1200 सेंटचे धरले तर शुद्ध पंचम 702 सेंटवर येतो; 22 समान भागांत तो 709 वर चढतो. तंबोऱ्याशी तो जुळणार नाही. शिवाय असे पंचम एकापुढे एक रचून सात स्वर काढले, तर त्यांतली अंतरे 4 किंवा 1 भागाचीच निघतात. नाट्यशास्त्रकार भरताने सात स्वरांना दिलेल्या श्रुतींचा 4-3-2-4-4-3-2 हा क्रम त्यात कुठेच सापडत नाही.

53 समान भागांत चित्र पालटते. पंचम 31 भागांवर, म्हणजे जवळजवळ शुद्ध. एक भाग 22.6 सेंटचा, प्रमाणश्रुतीच्या (81/80, सुमारे 21.5 सेंट) अगदी जवळचा. आता षड्ज-पंचम भावाने चाला. सा पासून वर प, रे, ध, ग, नि, तीव्र म. खाली म, कोमल नि, कोमल ग, कोमल ध, कोमल रे. भातखंड्यांचे बाराही स्वर मिळाले. सा आणि प अचल. वर चढताना आलेल्या उरलेल्या पाचांना एक भाग उतरल्याची खूण द्या, खाली जाताना आलेल्या पाचांना एक भाग चढल्याची. दहा नवे स्वर, एकूण बावीस. देसकाराचा ध साखळीतला, भूपाचा ध त्याच्या एक खूण खाली. नवी लिपी नको, दोन दिशांची एकच खूण पुरते.

तुर्कस्तानात पूर्ण स्वराचे नऊ कोमा, म्हणजे असेच सूक्ष्म भाग, धरून 1, 4, 5 आणि 8 कोमांची चिन्हे पाठ्यपुस्तकांत रुळली आहेत. वादक कित्येकदा छापील चिन्हापेक्षा निराळाच सूर लावतात, हा वाद तिथेही आहे. पण वाद घालायला कागदावर काहीतरी आहे.

आपल्याकडे सारा जोर वाद्यावर गेला. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 मध्ये 22 श्रुतींवर पुस्तक लिहिले, अर्नेस्ट क्लेमंट्सबरोबर श्रुतिपेटी घडवली, अब्दुल करीम खाँसाहेबांची साथ मिळवली. तरी 1916 च्या बडोद्यातील संगीत परिषदेत ती पेटी वादातच सापडली. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची पेटी पुन्हा उभी केली. हे काम मोलाचे आहे, पण पेटीतला सूर बंदिशीच्या पानावर उतरल्याशिवाय दूरच्या विद्यार्थ्याच्या हाती काय लागणार?

आक्षेप ठाऊक आहे : गळा श्रुतीवर खिळत नाही. संशोधक जैराझभॉय आणि स्टोन यांच्या 1963 च्या स्वरांच्या मोजणीतही एकच स्वर जागा बदलताना आढळला. दरबारीचा आंदोलित गंधार कुठल्याच खुणेत मावणार नाही, हेही खरे. म्हणून ही खूण सक्तीची नको, गुरूने दाखवलेल्या दिशेची नोंद म्हणून हवी. संगीत परीक्षांचे अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी निदान भूप आणि देसकार या दोन रागांच्या बंदिशी तरी ही खूण घालून छापाव्यात.