भाषा शिकविणारी ॲप्स आणि ‘का?’ हा प्रश्न : ड्युओलिंगोचे एक चिकित्सक वाचन

भ्रमणध्वनीवरील ॲप्सच्या साहाय्याने होणाऱ्या शिक्षणाविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यातील बरेचसे सोयीच्या वर्णनातच थांबते. केव्हाही, कोठेही, फारसा खर्च न करता शिकता येते, हे खरेच आहे. परंतु पाठ्यपुस्तकाची जशी समीक्षा होते तशी ॲपची का होऊ नये? ॲपलाही रचना असते, क्रम असतो आणि मुख्य म्हणजे विद्यार्थ्याविषयीची एक धारणा असते. या दृष्टीने प्रस्तुत लेखात ड्युओलिंगो या ॲपचा, आणि विशेषत्वाने 2018 साली त्यावर आलेल्या, इंग्रजीतून हिंदी शिकविणाऱ्या अभ्यासक्रमाचा विचार केला आहे. हिंदी मराठीला लिपीने व शब्दसंग्रहाने जवळची असल्यामुळे असा अभ्यासक्रम काय शिकवितो व काय सोडून देतो, हे मराठी वाचकास सहज पारखता येते.

लुई फॉन आन व सेव्हरिन हॅकर यांनी उभे केलेले हे ॲप 2012 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यामागील तत्त्व मात्र जुनेच आहे. हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये विस्मरणाचा वेग मोजून दाखविला होता. विसरण्याच्या बेतात असतानाच उजळणी करावी, हा त्यापासून पुढे विकसित झालेला विचार. कोणता शब्द केव्हा पुन्हा समोर आणावा याचे गणिती प्रतिमान ड्युओलिंगोच्या संशोधकांनी 2016 मध्ये मांडले. या अंगाने ॲपची बाजू भक्कम आहे. त्याच्या जोडीला ‘स्ट्रीक’, म्हणजे खंड न पडता किती दिवस अभ्यास झाला याची मोजणी. नित्यनेम ही आपल्याला अपरिचित गोष्ट नव्हे. मात्र येथे नेम साधन न राहता साध्य होऊ लागतो. अमुक इतके दिवस झाले, असे अभिमानाने सांगणारा विद्यार्थी त्या दिवसांत काय समजले हे तितक्या सहजतेने सांगू शकत नाही, असा अध्यापकांचा अनुभव आहे.

खरा प्रश्न चुकीचा आहे. मराठी विद्यार्थी हिंदी शिकताना ज्या चुका करतो, त्या अज्ञानातून कमी आणि मातृभाषेच्या ज्ञानातून अधिक होतात. ‘त्याने आंबा खाल्ला’ पण ‘मी आंबा खाल्ला’, ही त्याची सवय. हिंदीत मात्र ‘उसने’ आणि ‘मैंने’ या दोन्ही ठिकाणी ‘ने’ लागतो. ‘पुस्तक’ मराठीत नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. मराठीतील ‘शिक्षा’ दंड आहे, हिंदीतील ‘शिक्षा’ शिक्षण. ‘चेष्टा’ मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. सर्वांत नाजूक जागा सर्वनामांची. मराठीतील ‘तुम्ही’ वडीलधाऱ्यांना चालते, म्हणून मराठी माणूस हिंदीत ‘तुम’ म्हणून मोकळा होतो आणि समोरच्या वृद्ध गृहस्थाच्या कपाळावर आठी उमटते. तेथे ‘आप’ हवे होते. (मुंबईच्या बोलीने हा भेद पुष्कळसा पुसून टाकला आहे, हा भाग वेगळा.) ही आठी हाच धडा असतो. ॲपमधील वाक्याला ऐकणारा कोणी नसतो. शब्दांचे तुकडे जुळवायचे, हिरवा अथवा लाल निकाल पाहायचा आणि पुढे जायचे. इंग्रजी भाषकाची चूक आणि मराठी भाषकाची चूक यांची कारणे भिन्न असली तरी निकाल एकच.

येथे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या तिच्या आधारे इंग्रजी शिकल्या. तिच्यातील वाक्येही संदर्भहीन असत आणि त्यांची थट्टाही भरपूर झाली. पाठमालेला आवाज नव्हता. उच्चाराच्या बाबतीत ॲप तिच्या कितीतरी पुढे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पाठमालेने आपला विद्यार्थी मराठी आहे हे गृहीत धरले होते. नियम मराठीतून सांगितलेला, तोही वाक्यांच्या आधी. ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर, कोरडे का होईना, त्याच पानावर होते.

ड्युओलिंगोवर हे उत्तर अन्य मार्गाने मिळत असे. प्रत्येक वाक्याखाली शिकणाऱ्यांची चर्चा असे. कोणी शंका विचारी, त्या भाषेचा जाणकार विनामोबदला उत्तर देई. उत्तरे नेहमीच अचूक नसत, तथापि शिकणारा एकटा नसे. 2022 च्या मार्चमध्ये ही चर्चापीठे बंद करण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस जुन्या वृक्षाकृती रचनेच्या जागी एकच सरळ वाट सर्वांसाठी आली व कोणता पाठ आधी घ्यावा याची निवडही बरीचशी संपली. पुढे मार्च 2023 मध्ये जीपीटी-4 वर आधारलेली, उत्तराचे स्पष्टीकरण देणारी सुविधा सुरू झाली. ती अधिक वर्गणीच्या श्रेणीत होती आणि आरंभी केवळ इंग्रजीतून स्पॅनिश व फ्रेंच शिकणाऱ्यांसाठी होती. जे शिकणारे परस्परांना फुकट देत होते, ते वर्षभरात विक्रीस आले, एवढाच याचा अर्थ नाही. पूर्वी एखादा मराठी सदस्य ‘आमच्याकडे असे म्हणतात, म्हणून तुम्हीही घोटाळलात’ असे दुसऱ्याला सांगू शकत होता. शिकणारा इंग्रजी भाषक आहे असे धरून चालणाऱ्या अभ्यासक्रमात हे सांगण्याची तेवढीच एक जागा होती.

मराठी भाषकांच्या हिंदीतील अशा चुकांचे संकलन पाठमालेच्या धर्तीवर, पण ध्वनीसह, करणे अवघड नाही. महाविद्यालयांतील मराठी व हिंदी विभागांनी ते एकत्र बसून करावयाचे म्हटले, तर आरंभ ‘ने’पासून करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.