दोरी कोणाच्या हाती?



संयोजकांनी विषय दिला आहे तो असा : नेत्यांनी कर्मचाऱ्यांमध्ये बांधिलकी आणि विश्वास कसा निर्माण करावा? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, कारखाना काही चालवला नाही. त्यामुळे उत्तर देण्याआधी प्रश्नच तपासून बघायची आमची जुनी खोड. या प्रश्नात 'निर्माण करावा' असं क्रियापद आहे ना, तिथेच आमची पहिली हरकत आहे. जणू विश्वास नावाचा काही माल कर्मचाऱ्याच्या मनात कमी पडतोय आणि साहेबांनी तो बाहेरून भरायचा आहे!

व्यवस्थापनवाले याला 'एम्प्लॉयी एंगेजमेंट' म्हणतात. आपल्याकडे एंगेजमेंट म्हटलं की साखरपुडा आठवतो. हसू नका, तुलना कामाची आहे. साखरपुड्यात शब्द दोन्ही बाजूंनी द्यायचा असतो. इथे मात्र मोजणी एकाच बाजूची होते. प्रश्नावली कर्मचाऱ्याने भरायची. साहेबांनी काय शब्द दिला होता आणि तो पाळला का, हे त्या कागदावर बहुधा कुठेच विचारलेलं नसतं.

खरं तर या कल्पनेचा उगम एवढा एकांगी नव्हता. विल्यम कान या अभ्यासकाचा निबंध १९९० साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि वास्तुरचनेच्या एका कचेरीतली माणसं यांचा त्यांनी अभ्यास केला. माणूस कामात कधी जीव ओततो आणि कधी अंग काढून घेतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या : कामात अर्थ वाटला पाहिजे, मनाने आणि शरीराने तेवढी ताकद शिल्लक असली पाहिजे, आणि मोकळेपणाने वागलं तर आपलं नुकसान होणार नाही अशी खात्री हवी. ही तिसरी गोष्ट महत्त्वाची. अंग काढून घेणं म्हणजे आळसच असं नव्हे. माणूस त्यातून स्वतःचा बचावही करत असतो. पुढे ही कल्पना प्रश्नावल्यांच्या हाती गेली, तिला टक्केवारी चिकटली आणि बचाव कशापासून, हा प्रश्न मागे पडला.

आमचाच एक अनुभव सांगतो. एका महाविद्यालयात असताना आम्हाला एक पत्रक भरायला दिलं होतं. 'मोकळेपणाने लिहा, नाव लिहू नका.' फक्त वर दोन रकाने होते : विभाग आणि सेवेची वर्षं. आता तत्त्वज्ञान विभागात आम्ही दोघेच! आमची सेवा बावीस वर्षांची, दुसऱ्यांची तीन. आम्ही दोघांनीही 'उत्तम, उत्तम, उत्तम' असं लिहून टाकलं. विश्वास भरपूर आहे, असाच त्या पाहणीचा निष्कर्ष निघाला असणार.

इथे ॲनेट बायर या तत्त्वज्ञ बाईंची मदत घेऊ. विश्वासावरचा त्यांचा निबंध १९८६ चा आहे. भरवसा आणि विश्वास यांत त्या फरक करतात. कांट रोज ठरल्या वेळी फिरायला निघायचा आणि शेजारी त्यावरून वेळ ओळखायचे, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. आता समजा, एक दिवस कांट झोपून राहिला. शेजाऱ्यांची गैरसोय होईल, पण 'कांटने आम्हाला दगा दिला' असं कोणी म्हणणार नाही. तो झाला भरवसा. विश्वासात दगा होऊ शकतो, कारण विश्वास ठेवणारा माणूस स्वतःचं काहीतरी दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. दुखापतीची शक्यता पत्करल्याशिवाय विश्वास नाही.

मग आमचा प्रश्न असा की कामाच्या ठिकाणी ही शक्यता पत्करतो कोण? नोकरी, बढती, घराचा हप्ता, सगळं कर्मचाऱ्याचं आधीच साहेबांच्या हातात आहे. त्याने आणखी काय स्वाधीन करायचं? पुढचं पाऊल ज्याच्याकडे सत्ता आहे त्यानेच टाकायला हवं.

हे हवेत बोलत नाही. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. संप, तक्रारी, दारू यांसाठी बदनाम. पाचांतला एक कामगार गैरहजर असायचा. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तोच कारखाना 'नुमी' या नावाने पुन्हा सुरू केला. संघटना तीच, युनायटेड ऑटो वर्कर्स. कामगारही बहुतेक तेच जुने. तरी गैरहजेरी चार टक्क्यांच्या आत आली आणि गाड्यांचा दर्जा नावाजला गेला.

काय बदललं? पूर्वी काही झालं तरी लाइन थांबवायची नाही, चुकलेली गाडी पुढे ढकलायची, असा शिरस्ता होता. आता डोक्यावर एक दोरी आली. दोष दिसला की कुठल्याही कामगाराने ती ओढायची. गटप्रमुख धावत येणार, अडचण सुटली नाही तर लाइन थांबणार. लाइन थांबली की नुकसान कंपनीचं! दुसरं म्हणजे स्टॉपवॉच. पूर्वी अभियंता ते घेऊन कामगाराच्या मागे उभा राहायचा. आता कामगारांचे गट स्वतःच्या कामाची वेळ स्वतः मोजू लागले. आणि तिसरं, करारातला शब्द : कंपनीच्या अस्तित्वावरच संकट आल्याशिवाय कामगार कमी करणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी अधिकाऱ्यांचे पगार कापू. १९८८ च्या सुमारास मागणी कोसळली, तेव्हा कंपनीने माणसं काढली नाहीत, त्यांना प्रशिक्षणाला बसवलं. विश्वासाची परीक्षा झाली ती तिथे.

पण आम्ही टीका करायला उभे आहोत, आरती ओवाळायला नाही. माइक पार्कर आणि जेन स्लॉटर यांनी याच पद्धतीला 'ताणातून व्यवस्थापन' म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की दोरी कोणी ओढतच नसेल, तर व्यवस्थापन त्याचा अर्थ 'अजून माणसं कमी करता येतील' असा लावतं. म्हणजे जी दोरी कामगाराच्या हातात दिली, तीच त्याच्या गळ्याला लागू शकते. हा आक्षेप आम्हाला खरा वाटतो. म्हणूनच नुसती दोरी पुरत नाही. ती ओढल्याची शिक्षा होणार नाही आणि न ओढल्याचाही गैरफायदा घेतला जाणार नाही, हा शब्द सोबत लागतो.

जनरल मोटर्सने व्हॅन नाइज इथल्या आपल्या कारखान्यात ही पद्धत नेऊन पाहिली. ती रुजली नाही. साहेबांचं मोल किती गाड्या बाहेर पडल्या यावरच ठरत होतं. मग दोरी ओढणाऱ्यावर ते चिडणारच की! १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला. आणि नुमी? जनरल मोटर्स २००९ मध्ये बाहेर पडली, २०१० मध्ये टोयोटानेही टाळं लावलं. सुमारे ४,७०० माणसं घरी गेली. पंचवीस वर्षं दोरी हातात होती, पण कारखाना चालू ठेवायचा की नाही, हे ठरवणारी दोरी त्यांच्या हातात कधीच नव्हती. त्यांना दगा झाल्यासारखं वाटलं असेल, तर ती भावना चुकीची होती असं आम्ही म्हणणार नाही. दगा वाटतो, याचाच अर्थ मधली वर्षं नुसत्या भरवशाची नव्हती.

तेव्हा इथे जे अधिकारपदावरचे श्रोते आहेत, त्यांना एवढंच सांगतो. पुढची पाहणी जरा थांबवा. त्याऐवजी एक कागद घ्या आणि लिहून काढा : माझ्या हाताखालचा माणूस, माझी परवानगी न घेता, माझं कोणतं काम थांबवू शकतो? आणि त्याने ते शेवटचं कधी थांबवलं? कागद कोरा राहिला, तर दोष त्याच्या मनात शोधू नका.

इथेच थांबतो. प्रश्न विचारा, आणि हो, नाव सांगायची सक्ती नाही. विभागही विचारणार नाही.