आपत्तिनिवारणाचा वांटा कोणाचा ?

परदेशावर आलेल्या आपत्तीच्या निवारणाचा खर्च जगांतील श्रीमंत राष्ट्रें न्याय्य रीतीनें वांटून घेतात काय, हा प्रश्न अर्थशास्त्राचा समजून आम्ही साहित्याचे अध्यापक आजवर त्यापासून दूर राहिलों. परंतु या प्रश्नाचें एक प्रसिद्ध विवेचन निबंधाच्या रूपानें झालेलें आहे, आणि निबंध म्हटला म्हणजे तो तपासण्याचा आमचा अधिकार कोणी नाकारणार नाहीं. पूर्व बंगालमधून लक्षावधि माणसें भारतांत आश्रयास येत असतां, १९७१ च्या नोव्हेंबर महिन्यांत, पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानें दुष्काळ, समृद्धि आणि नीति यांचा परस्परसंबंध सांगणारा एक निबंध लिहिला. तो १९७२ सालीं प्रसिद्ध झाला आणि तेव्हांपासून नीतिशास्त्राच्या वर्गांतून सतत वाचला जात आहे. निबंध लहान, भाषा सरळ, युक्तिवाद निर्भय. ज्या घटनेवरून तो लिहिला गेला ती आमच्याच उंबरठ्यावर घडली. म्हणून तो आमच्या बाजूनें वाचून पाहाणें अवश्य आहे.

सिंगर यांनीं आपलें म्हणणें आंकड्यांनीं सुरू केलें आहे. आश्रयास आलेल्या नव्वद लक्ष माणसांस एक वर्ष जिवंत ठेवण्यास ४६ कोटी ४० लक्ष पौंड लागतील असा त्या वेळचा अंदाज होता. साऱ्या जगाकडून मिळून आलेली मदत सुमारे साडेसहा कोटी पौंडांची, म्हणजे गरजेच्या सातव्या हिश्शाइतकी होती. त्यांत ब्रिटनचे १ कोटी ४७ लक्ष ५० हजार पौंड होते, आणि इतर बहुतेक राष्ट्रांच्या मानानें ही रक्कम मोठीच होती. पण त्याच ब्रिटननें फ्रान्सच्या भागीदारींत कॉंकॉर्ड नांवाचें विमान तयार करण्यासाठीं २७ कोटी ५० लक्ष पौंडांहून अधिक रक्कम खर्ची घातली होती, आणि ती परत येणार नाहीं हें तेव्हांच मान्य झालें होतें. ऑस्ट्रेलियाची मदत सिडनी शहरांत उभ्या राहात असलेल्या नव्या संगीतगृहाच्या खर्चाच्या बाराव्या हिश्शासहि पोंचत नव्हती. विशेषणांचा आधार न घेतां मांडलेल्या या आंकड्यांनीं जें काम केलें आहे, तें पानभर निषेधानें झालें नसतें.

यापुढें त्यांचा सिद्धान्त येतो. त्याच तोलाचें कांहीं न गमावतां आपणांस एखादें मोठें अनिष्ट टाळतां येत असेल, तर तें टाळणें हें औदार्य नव्हे, कर्तव्य आहे. उथळ डबक्यांत बुडणारें मूल दिसलें असतां कपडे चिखलानें भरतील म्हणून कोणी कांठावर उभा राहात नाहीं. मग तें मूल हजारों मैल दूर आहे एवढ्यानें काय फरक पडतो ? आणि कांठावर इतर माणसें स्वस्थ उभीं आहेत म्हणून आपल्या कर्तव्याचा भार हलका होतो काय ? होत नाहीं, असें सिंगर यांचें उत्तर आहे. या उत्तरावर पुढें पुष्कळ वाद झाला. लिअम मर्फी यांनीं २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, परोपकार हें सर्वांनीं मिळून करावयाचें काम आहे. सर्वांनीं आपापलें कर्तव्य केलें असतें तर माझ्याकडे जेवढा भार आला असता तेवढाच उचलण्यास मी बांधलेला आहें. दुसऱ्यानें टाळलेला वांटाहि माझ्याच माथीं मारणें हा माझ्यावर अन्याय आहे.

एका व्यक्तीपुरता विचार केला तर आम्ही सिंगर यांच्या बाजूस आहों. मूल बुडत असतां वांट्याचा हिशेब करीत बसणारा मनुष्य आम्हांस आवडणार नाहीं. राष्ट्रांच्या व्यवहारांत मात्र मर्फी यांचा विचार अधिक उपयोगी आहे. कारण राष्ट्रें दयेनें क्वचितच चालतात, ठरलेल्या हिशेबानें पुष्कळ वेळां चालतात. असें असूनहि हे दोन्ही विचारवंत एकाच ठिकाणीं अपुरे पडतात. दोघांचेंहि लक्ष देणाऱ्याकडे आहे. त्यानें किती द्यावें आणि कोठें थांबावें याचा ते कसून विचार करतात. पण देणारा थांबल्यावर उरलेला खर्च कोणी केला, हें विचारीत नाहींत. सिंगर यांस ही गोष्ट दिसलीच नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. निर्वासितांस उपाशी मरूं द्यावें, कीं स्वतःच्या प्रगतीसाठीं राखलेला पैसा त्यांच्याकडे वळवावा, असा पेंच भारतापुढें लवकरच येईल हें त्यांनीं एका वाक्यांत लिहून ठेविलें आहे. परंतु तें वाक्य प्रस्तावनेंतच राहिलें. त्यांच्या युक्तिवादांत त्यास जागा मिळाली नाहीं. आमच्या मतें खरा विषय त्या वाक्यांत होता. न भरलेला वांटा हवेंत विरून जात नाहीं. तो कोणाच्या तरी अंगावर पडतो, आणि ज्यास बाजूला होतां येत नाहीं त्याच्यावरच बहुधा पडतो.

१९७१ सालीं तो कोणावर पडला हें पाहाणें कठीण नाहीं. आलेल्यांची संख्या अखेरीस एक कोटीच्या घरांत गेली. त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या तेव्हां साडेपंधरा लाख होती, आणि तेथें आलेले निर्वासित जवळजवळ तितकेच होते. कोणत्याहि परिषदेनें त्रिपुरास त्याचा वांटा विचारला नव्हता. सरहद्द जवळ होती, एवढ्यावरून तो ठरला. पुढें हा भार साऱ्या देशावर पसरला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर नेहमींच्या तिकिटाखेरीज निर्वासितांच्या साहाय्यार्थ पांच पैशांचें एक जादा तिकीट लावण्याची सक्ति झाली. घाईच अशी होती कीं, प्रथम कुटुंबनियोजनाच्या तिकिटांवरच नवीं अक्षरें छापून काम भागविण्यांत आलें. त्या काळचीं पाकिटें ज्यांच्या घरीं जपून ठेविलीं असतील, त्यांनीं तीं काढून पाहावीं. सिंगर यांचा निबंध ज्या महिन्यांत लिहिला गेला, त्याच महिन्यांत हें तिकीट निघालें. सोलापूरच्या गिरणींतील कामगारानें गांवीं पत्र धाडावें आणि त्यावर पांच पैसे अधिक मोजावे, ही श्रीमंत राष्ट्रांच्या न भरलेल्या वांट्याची वसुलीच होती. दान देणाऱ्यांच्या कोणत्याहि यादींत त्या कामगाराचें नांव नाहीं.

कोणी म्हणेल कीं राष्ट्रांचा वांटा ठरविणें अशक्यच आहे. इतिहास तसें सांगत नाहीं. १९०८ सालीं मेसिना येथें झालेल्या भूकंपाच्या आठवणी ताज्या असतां, इटालियन रेडक्रॉसचे जिओव्हानी चिराओलो यांनीं अशी योजना सुचविली कीं, सर्व राष्ट्रांनीं ऐपतीप्रमाणें एका सामाईक निधींत वर्गणी भरावी आणि ज्याच्यावर आपत्ति येईल त्यास तींतून हक्कानें मदत मिळावी. म्हणजे विम्याचेंच तत्त्व तें. १९२७ सालीं जिनीव्हा येथें करार होऊन आंतरराष्ट्रीय साहाय्यसंघ स्थापन झाला खरा. पण तोंपर्यंत मोठ्या राष्ट्रांनीं त्या योजनेंतील सक्तीची वर्गणी काढून टाकली होती, आणि उरली होती ती आरंभींची एक लहानशी रक्कम. पैशावांचून संघ निर्जीव राहिला आणि अखेर १९६८ सालीं आपलें काम युनेस्कोच्या स्वाधीन करून नामशेष झाला. योजना फसली असें म्हणतात. आम्ही म्हणूं कीं ती करून पाहाण्यांतच आली नाहीं.

पुढें २४ ऑक्टोबर १९७० रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें असा संकल्प केला कीं, श्रीमंत राष्ट्रांनीं आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ०·७ टक्का भाग परराष्ट्रांच्या साहाय्यास द्यावा. हा आंकडा मुख्यतः विकासासाठीं होता. आपत्तींतील मदतहि त्यांतच मोजली जाते. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आंतच, १२ नोव्हेंबरच्या रात्रीं, पूर्व बंगालच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ येऊन किमान तीन लाख माणसें मेलीं. स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क यांनीं त्याच दशकांत तो आंकडा गांठला. अमेरिकेनें तो कधींच मान्य केला नाहीं. ब्रिटननें तो २०१३ सालीं गांठला, २०१५ सालीं कायद्यांत घातला आणि २०२१ सालीं अर्ध्या टक्क्यावर उतरविला. अशा स्थितींत प्रत्येक जण आपणांस शोभेल तें माप घेऊन बसतो. एकूण रक्कम पाहिली तर अनेक वर्षें अमेरिका पहिली होती. उत्पन्नाशीं प्रमाण पाहिलें तर नॉर्वेसारखीं लहान राष्ट्रें तिच्या फार पुढें होतीं. दोन्ही मापें खरीं आहेत, आणि दोहोंपैकीं एकहि कोणावर बंधनकारक नाहीं.

वांटा ठरलेला नसला म्हणजे पैसा गरजेकडे न जातां लक्षाकडे धांवतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनें सव्वादोन लाखांच्या आसपास माणसें नेलीं, आणि जगानें सढळ हातानें सुमारे साडेतेरा अब्ज डॉलर दिले. या मदतीची जी संयुक्त चौकशी पुढें झाली तिनें दाखविलें कीं, त्सुनामीग्रस्तांमागें दरडोई सुमारे ७,१०० डॉलर जमले, तर त्याच वर्षीं बांगला देशांत आलेल्या पुरांतील पीडितांच्या वांट्यास दरडोई तीन डॉलर आले. त्सुनामीग्रस्तांस अधिक मिळालें याचें आम्हांस दुःख नाहीं. नाताळच्या सुट्टींत युरोपीय प्रवासी ज्या किनाऱ्यांवर होते तेथील लाट साऱ्या जगानें पाहिली. बांगला देशाचा पूर तर दरवर्षींचाच! फरक दुःखांत नव्हता, पाहाणाऱ्यांत होता.

येथें दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, सक्तीची वर्गणी लावली तर औदार्य आटेल, आणि राष्ट्रें ती बुडवितीलच. पण संयुक्त राष्ट्रांचा नेहमींचा खर्च याच रीतीनें चालतो. प्रत्येक सभासदाचा हिस्सा ऐपतीवरून ठरतो. कोणा एकाकडे २२ टक्क्यांहून अधिक भार जाऊं नये अशी मर्यादाहि आहे. वर्गणी थकते हें खरें. परंतु तिला थकबाकी हें नांव आहे, आणि ती दोन वर्षांच्या वर्गणीइतकी झाली म्हणजे सनदेच्या १९ व्या कलमाप्रमाणें आमसभेंतील मत गमवावें लागतें. उलटपक्षीं, परिषदेंत जाहीर केलेला आपत्तिनिधि दिलाच नाहीं तर त्यास थकबाकीहि म्हणतां येत नाहीं. कचेऱ्या चालविण्याचा खर्च वांटून घेतां येतो आणि माणसें जगविण्याचा खर्च मात्र प्रत्येकाच्या लहरीवर सोंपविला जातो, ही व्यवस्था आमच्या बुद्धीस पटत नाहीं.

दुसरा आक्षेप आमच्यावरच येतो. श्रीमंत कोण ? जुन्या देणाऱ्यांच्या मंडळाबाहेर आज चीन आहे, तेलसंपन्न आखाती राज्यें आहेत, आणि भारतहि आहे. आक्षेप रास्त आहे. वांटा मागावयाचा तर तो स्वतःसहि लावून घेतला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या नेहमींच्या खर्चांत भारताचा हिस्सा सुमारे एक टक्का आहे. आपत्तिनिधींतहि तोच हिस्सा आपण बिनशर्त मान्य करावा. १९७१ सालीं ज्यानें पांच पैशांनीं दुसऱ्यांची तूट भरली, त्यास हें सांगण्याचा अधिकार आहे. पण स्वतः भरल्यानंतरच.

हा सारा वाद इतिहासजमा झाला आहे असें कोणी समजूं नये. १ जुलै २०२५ रोजीं अमेरिकेनें परराष्ट्रांस साहाय्य देणारी आपली मुख्य संस्था बंद केली, तेव्हां जगांतील आपत्तिसाहाय्यास सर्वांत मोठा हात लावणारें राष्ट्र तेंच होतें. अनेकांनीं त्यास निर्दय म्हटलें. परंतु त्यानें कोणता करार मोडला ? अमेरिकेचा वांटा कधीं ठरलेलाच नव्हता. तेव्हां तो बुडविल्याचा आरोप तरी कसा करावा? जें दान म्हणून दिलें तें दात्याच्या मर्जीनें थांबलें, इतकेंच.

आणि तें थांबलें म्हणजे काय होतें याचें उदाहरण, दैवयोगानें, पुन्हां त्याच भूमींत सांपडतें. १९७१ सालीं जेथून माणसें पळालीं त्या देशांत २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या आश्रयास आले. बांगला देश श्रीमंत नाहीं. त्रिपुराप्रमाणेंच त्याचाहि वांटा सरहद्दीनें ठरविला. जगाकडून आलेली वर्गणी कमी पडली, म्हणून २०२३ च्या मार्च महिन्यांत छावणींतील माणसाचा महिन्याचा शिधा बारा डॉलरांवरून दहावर आणि जूनमध्यें आठांवर आणावा लागला. दिवसाला सत्तावीस सेंट. पुढें तो कांहींसा वाढविण्यांत आला. पण ते महिने ज्यांनीं काढले त्यांस ते परत मिळणार नाहींत.

सिंगर यांनीं कांठावर उभ्या असलेल्यांस त्यांचें कर्तव्य सांगितलें. तें त्यांचें ऋण आम्ही मानतों. मर्फी यांनीं वांट्याचा विचार शिकविला. तोहि आम्हांस हवा आहे. मात्र देणाऱ्यांच्या यादीशेजारीं आणखी एक यादी ठेवल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाहीं. जें कमी पडलें तें कोणी भरलें, कोणत्या राज्यानें, कोणत्या टपालानें, कोणाच्या ताटांतून, हें तींत लिहिलेलें असावें. श्रीमंत राष्ट्रें आपला वांटा न्यायानें उचलतात काय, याचें उत्तर पहिल्या यादींत नाहीं. तें या दुसऱ्या यादींत आहे, आणि ती अद्याप कोणी लिहावयास घेतलेली नाहीं.