पेशी घटल्या, पण दमा तसाच? एका गाजलेल्या पेपरची उलटतपासणी

मंडळी, आज २००० साली 'द लॅन्सेट'मध्ये आलेला एक पेपर तपासून बघूया. त्याआधी थोडी पूर्वतयारी.

ॲलर्जीच्या दम्यात परागकण किंवा धुळीतल्या किड्यांचे कण श्वासात गेले, की मास्ट पेशींवर बसलेल्या आयजीई अँटीबॉडी त्यांना पकडतात. मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात आणि काही मिनिटांत श्वासनळ्या आवळतात. काही तासांनी दुसरी लाट येते. तेव्हा तिथे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी असते. या पेशी वाढतात आणि टिकतात त्या इंटरल्यूकिन-५ या प्रथिनाच्या जिवावर. मग प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटीबॉडीने हे प्रथिनच अडवलं तर?

लेकी आणि सहकाऱ्यांनी नेमकं तेच केलं. सौम्य दम्याचे २४ रुग्ण, औषधाचा एकच डोस आणि मग मुद्दाम श्वासातून ॲलर्जन. रक्तातल्या, कफातल्या इओसिनोफिल घटल्या. दुसरी लाट मात्र आलीच! म्हणून लेखकांनी या पेशींच्या भूमिकेवरच शंका घेतली.

माझी तक्रार मोजमापाबद्दल नाही, त्यातून काढलेल्या अर्थाबद्दल आहे. २४ जण तीन गटांत, म्हणजे गटात फक्त आठ. एवढ्यात 'फरक दिसला नाही' म्हणजे 'फरक नाहीच' असं म्हणता येत नाही. शिवाय रक्तातून पेशी गेल्या म्हणजे श्वासनळीतूनही गेल्या, असं थोडंच आहे? फ्लड-पेज यांच्या गटाने २००३ साली बायोप्सी तपासल्या, तेव्हा श्वासनळीच्या भिंतीतल्या पेशी जेमतेम निम्म्याने घटल्या होत्या.

आता २००९ चा हल्दर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग बघा. औषध तेच, मेपोलिझुमॅब. पण इथे तीव्र दम्याचे आणि इओसिनोफिल वाढलेलेच ६१ रुग्ण निवडले, वर्षभर औषध दिलं आणि अटॅक मोजले. औषध घेणाऱ्यांना सरासरी २.० अटॅक आले, इतरांना ३.४. गंमत म्हणजे फुंकण्याच्या चाचणीत इथेही खास फरक नव्हता! फक्त तेवढंच मोजलं असतं, तर हाही प्रयोग 'फसला' असता. २०१५ साली अमेरिकेत याच औषधाला तीव्र इओसिनोफिलिक दम्यासाठी मान्यता मिळाली.

याने लेकींचं निरीक्षण खोटं ठरत नाही. सौम्य दम्यातली दुसरी लाट आणि तीव्र दम्यातले अटॅक हे दोन वेगळे प्रश्न आहेत. म्हणून 'औषध चाललं नाही' असं कुठे वाचलंत, तर आधी तीन गोष्टी विचारा: कुणाला दिलं, किती जणांना दिलं आणि मोजलं काय? रात्री धाप लागून उठणाऱ्या माणसाला चाचणीतल्या आकड्यापेक्षा अटॅक टळण्याचं मोल जास्त असतं.